फळीचा फुगवटा

२ जाने.
काल दादाचं तेरावं झालं. आज पूर्णा गावातलं त्याचं वाद्यदुरुस्तीचं दुकान उघडलं. दुरुस्तीला आलेल्या बाजाच्या पेट्या ज्याच्या त्याला परत. उरला चर्चचा अमेरिकन पियानो, शंभरावर वर्षांचा. तारा काढलेल्या, बिडाची चौकट भिंतीशी. आतल्या, आवाज घुमवणाऱ्या मोठ्या पातळ फळीवर ज्वारीची दोन पोती. सलीमभाई, दादाचे सुतार, म्हणाले, "फळी फुगेल व्हती गुरुजी. दार फुगलं की असंच बसवतो आमी."
पोती उतरवून घेतली.

४ जाने.
नुसता पाहत बसलो. बाहेरची वळणदार कड ओंडक्यातून कोरलेली वाटली. नाही. लांब पट्ट्या सरसानं एकावर एक चिकटवून सगळ्या एकदम वाकवल्यात. चौदा मोजल्या, पुढे नजर हरली. तीस वर्षं भूमिती शिकवली, हे वळण मला फळ्यावर काढता आलं नसतं.

५ जाने.
दादाची वही सापडली. शेवटची नोंद १९ डिसें.: "फळी फुगलेली नाही. फळीखालच्या आधाराच्या पट्ट्याच कमानीत तासल्यात. मुद्दाम. पोती उद्या उतरवणे."
२० ला पहाटे तो गेला. पोती तशीच. दोन आठवडे.
सलीमभाईंना वाचून दाखवलं. ते बाहेर जाऊन उभे राहिले.

६ जाने.
पियानोखाली आडवा झालो. फळीला दोरा लावून काठापासून काठापर्यंत ताणला. फळी कमानदार असेल तर मध्ये फट राहणार. मधोमध पोस्टकार्ड सहज गेलं. जिथं पोती होती तिथं जाईना.
सलीमभाई वरून, "हाय का न्हाई ओ कमान?"
"आहे. निम्मी."

९ जाने.
फादर आले होते. वाजणार नसेल तर लाकूडवाला न्यायला तयार आहे म्हणे. आठ दिवस मागितले.
वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या हातानं बिघडला असं कुणी म्हणू नये."
सलीमभाईंना चौकट बसवायला माणसं बघायला सांगितलं.

१५ जाने.
चौकट बसवली. सहा माणसं लागली, तरी सलीमभाई ओरडतच होते, "हळू रे, तुझ्या सासऱ्याची बैलगाडी न्हाई ती!"
एकेका तारेचा ताण माझ्या वजनाहून जास्त. अशा दोनशेच्या वर. सगळ्यांचा दाब कमानीवर झेलणारी फळी करंगळीहूनही पातळ. ज्यानं हे पहिल्यांदा योजलं त्याला भीती कशी वाटली नाही?
पहिली तार मुद्दाम पोत्याच्या जागेवरची घेतली. सलीमभाईंनी खुंटीला किल्ली लावली. "चढवू?"
चढवा म्हणालो.
वाजवली. आवाज लगेच विझला नाही, खोलीत राहिला.
वहिनी दारात. "फळीनं धरलं का हो?"
"एका तारेचं ओझं धरलं. बाकीच्या उद्यापासून."