माझ्या मापाची बाई

प्रिय आक्का,

वर्षभर एक ओळ लिहिली नाही आणि आज एवढं जाड पाकीट हातात पडलं म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. साखर उतरली, रक्तदाबाची गोळी बंद झाली, आणि आपल्या नाटककंपनीच्या कपडेपटाचे तीन जिने मी आता एका दमात चढते. दुसऱ्या जिन्यावर धाप लागली की मी थांबायचे आणि कुणी बघितलं तर चपलेचा पट्टा नीट करण्याचं सोंग करायचे, ते सोंग आता संपलं. तू लेकाकडे राहायला गेलीस त्यानंतर आपली गाठच नाही. ऑपरेशन झालं, बरी आहे, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. त्याला आता चौदा महिने झाले. वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी जठराची पिशवी कापून शिवून एवढीशी केली, मुठीत मावेल एवढी. मी त्यांना विचारलं होतं की टाके आतून घालणार की बाहेरून, म्हणजे उसवायला सोपं. ते हसले नाहीत. बिचाऱ्यांना आपल्या धंद्यातलं काय कळणार.

तू मला आधीपासून ओळखतेस म्हणून तुलाच सांगते. बाहेरच्या जगात मी जायचेच कुठे गं? लग्नात हातांच्या खुर्च्या असायच्या, बसले की उठताना खुर्ची सोबत यायची. आपण एवढ्या नाटकांचे कपडे शिवले, पण प्रेक्षकांत बसून मी एकही पाहिलं नाही, कारण शेजारच्या माणसाची अर्धी जागा मला लागायची आणि तो तीन अंक सुस्कारे सोडायचा. घरी मी आणि चार भिंती. माझं सगळं गणगोत म्हणजे कपडेपटातलं कापड बेतायचं ते लांब टेबल. एक वाजला की कात्र्या बाजूला, तागे खाली आणि त्याच टेबलावर डबे. काजं करणारी, इस्त्रीवाली, नटांचे केसांचे टोप बनवणारी टोपवाली, मास्तर, तू आणि मी. मी सगळ्यांच्या डब्यात हात घालायचे, मास्तरांची त्यांच्यासमोरच नक्कल करायचे, आणि माझ्या जाडीवर दुसरं कुणी बोलायच्या आत मीच बोलून मोकळी व्हायचे. गबदू हे नाव मला मीच दिलं होतं, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. सगळे पोट धरून हसायचे. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आणि तू केलेली ती, आठवते ना? जाड राणीच्या त्या नाटकाच्या वेळची. नटी दौऱ्यावर होती, मापाला यायला तिला सवड नव्हती, आणि तिची नि माझी अंगलट एक. मग तू मला टेबलाजवळ उभं करून बत्तीस मापं घेतलीस, वहीत माझं एक पान केलंस आणि शिंप्याच्या साध्या पुतळ्यावर कापूस आणि जुन्या अस्तराच्या पट्ट्या गुंडाळत गुंडाळत माझ्या मापाची बाई उभी केलीस. शेवटची पट्टी शिवून तू मागे सरकलीस. पाठीमागून ती मीच होते. उजवा खांदा माझ्यासारखाच जरा उतरलेला. मग तू म्हणालीस, चल बाई, चहा पिऊ, आणि तिच्यावर चादर टाकलीस. नाटक पडलं, राणीचे कपडे पेटीत गेले, पण ती कोपऱ्यात राहिली. जाड बाईचं काही शिवायचं असलं की बाहेर यायची, काम झालं की परत चादरीखाली जायची.

ऑपरेशनसाठी मी सहा आठवडे रजेवर होते. माझी जागा रिकामी बघवेना म्हणून ह्या लोकांनी तिला आणून माझ्या स्टुलाच्या जागी ठेवलं, माझा एप्रन चढवला आणि वर टोपवालीकडचं कापडी डोकं बसवलं. ती डोकी तू पाहिलीच आहेस, कोरी, नाकडोळे काही नाही. मला फोन करून हे सांगितलं तेव्हा मीही हसले, अगदी टाके दुखेपर्यंत. परत आले त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काजं करणारीने मला मिठी मारली आणि लगेच सैल केली, तिचे हात पहिल्यांदाच माझ्या पाठीमागे एकमेकांना भेटले होते. मग एक वाजला, डबे उघडले, आणि माझ्या जागेवर ती होती. तिला हलवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मीही म्हटलं, राहू दे, एका दिवसाने काय बिघडतंय. पलीकडून एक पेटी ओढली आणि टेबलाच्या टोकाला बसले. अजून तिथेच बसते.

माझं जेवण म्हणशील तर चार चमचे सूप, आणि ते संपवायला अर्धा तास. एक चमचा जास्त झाला की घाम फुटतो आणि बेसिनकडे पळावं लागतं. सुरुवातीला सगळे माझ्याकडे बघत, चोरी केल्यासारखे घास गिळायचे. मग माझ्याकडे बघणं बंद झालं. एकदा सगळी मंडळी बाहेर जेवायला गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. इस्त्रीवाली म्हणाली, तू काही खाणार नाहीस, उगाच तुला समोर बसवून आम्ही कसं खायचं? तिच्या मनात काळंबेरं नव्हतं गं. मी विनोद करून बघितले, पण जाडीवरचे विनोद बारीक बाईच्या तोंडी वाईट दिसतात, टोचून बोलल्यासारखे वाटतात, आणि दुसरे मी कधी शिकलेच नव्हते. हळूहळू लक्षात आलं, कुणाला काही सांगायचं झालं की ते तिच्याकडे वळून सांगतात. माणसं पाच आणि चहाचे कप येतात सहा. सहावा तिच्यासमोर. कप उचलायला जावं तर रिकामा असतो. मी म्हटलं, मास्तर पीत असतील. पण मास्तर बिनसाखरेचा पितात, आणि तिच्या कपाच्या तळाशी साखर उरलेली असते, माझ्या तीन चमच्यांच्या जुन्या सवयीची.

चौथ्या महिन्यात माझे केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, ह्या ऑपरेशननंतर गळतात, परत येतील. विंचरताना निघालेले केस मी कागदाच्या पुडीत घालून टोपवालीला नेऊन द्यायचे. खरे लांब केस तिला मिळत नाहीत, मग टाकून देण्यापेक्षा ते बरं. एका सोमवारी येऊन बघते तर त्या कोऱ्या डोक्यावर माझे केस. एकेक केस जाळीत ओवलेला, मधोमध भांग आणि मानेवर माझ्यासारखाच सैल अंबाडा. टोपवाली कौतुकाची वाट बघत उभी होती. तिने चार महिने त्यावर डोळे फोडले होते, माझ्याच आठवणीने. मी म्हटलं, हुबेहूब झालाय. तसं म्हणताना माझा हात आपोआप माझ्या विरळ डोक्यावर गेला होता.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी ट्रायलच्या पडद्यामागे कोटाची बाही टाचत होते, जेवायला जरा उशीर झाला. बाहेर मास्तर कसला तरी किस्सा सांगत होते. हशा पिकला. आणि त्या हशात माझं हसू होतं. पोटातून उठणारं आणि शेवटी शिट्टी मारून संपणारं, ज्याला तुम्ही सगळे किटली म्हणायचात ते. वजन उतरलं तसं ते माझ्यातून गेलंय. आता हसले तर नुसती हवा निघते. मी टाचण्या तोंडात तशाच धरून पडदा सारला. चौघं टेबलाशी, आणि ती तिच्या जागी. माझी नक्कल कुणी केली, मी विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इस्त्रीवाली म्हणाली, कसली नक्कल, आपण सगळेच हसत होतो की. तिचं ते 'सगळेच' ऐकून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगू, हेवाही वाटला.

त्या दिवशी सगळे गॅलरीत गेल्यावर मी टेप काढली आणि तुझ्या वहीतलं पान उघडलं. तिची कंबर दोन बोटं जास्त भरली. म्हटलं, कापूस आहे, दमट हवेने फुगला असेल. पंधरा दिवसांनी मोजलं तर आणखी दोन. दंड, मान, पाठ, सगळीकडे तीच तऱ्हा. माझ्यावरून उतरलेलं तिच्यावर चढत होतं. कुणाला विचारायची सोय नाही, वेड्यात काढतील. शेवटी परवा मी तिच्या कमरेची शिवण उसवली. आत नवा पांढराशुभ्र कापूस, त्यावर नव्या अस्तराची पट्टी, आणि पट्टीवर बारीक, उलट्या बाजूला कललेले टाके. आक्का, कपडेपटात डावखुरी मी एकटीच आहे. ते टाके मी कधी घातले मला आठवत नाही. घातले असतील तर कशासाठी, हे मात्र मला तिथे उभ्या उभ्या समजलं. तिला मोडलं तर त्या टेबलापाशी माझ्यातलं कुणीच उरत नाही. मी सुई ओवली आणि शिवण होती तशी बंद करून टाकली. मग आपली पेटीवर जाऊन बसले.

हे सगळं मी कुणाला सांगणार नव्हते, तुलाही नाही. पण काल तुझं पत्र आलं. कपडेपटाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मास्तरांनी आमचा सगळ्यांचा फोटो जुन्या माणसांना पाठवला, तो तुलाही पोचला. तू लिहिलंस की गबदू, तुला फोटोत बघून जीव भांड्यात पडला, ऑपरेशनने तुझं काही बिघडलं नाही, तशीच्या तशी आहेस, आणि किती मनापासून हसते आहेस. आक्का, तिला तोंड नाही. मी भिंग घेऊन फोटो बघितला, मला तरी तिथे कोरं कापडच दिसतं. खाली तू विचारलंस की उजव्या कडेला उभी आहे ती बारकी बाई कोण, नवी लागली का, बिचारीला कुणी हसायला सांगितलेलं दिसत नाही. दुसरं कुणी चुकलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुझी नजर अधू झाली आहे, फोटो लहान आहे, असं मी कालपासून स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे. दोन दिवसांची रजा मागितली तर मास्तर वरही न बघता म्हणाले, जा की खुशाल, गबदू आहे ना इथे. तू मला घ्यायला स्टँडवर ये. मी गाडीतून उतरेन, पण तुला हाक मारणार नाही, हात हलवणार नाही, आवाजावरून ओळखलंस तर त्यात काही अर्थ नाही. नुसती उभी राहीन. गर्दी ओसरेपर्यंत उभी राहीन. मला फार भीती वाटते आहे गं. तू एकदा माझ्याकडे नीट बघ आणि मला ओळख.

तुझीच,
उजव्या कडेला उभी असलेली