स्वखुशीने परत केलेले यंत्र

प्रति,
मा. कर्मचारी कल्याण अधिकारी,
वर्धिनी मालवाहतूक मंडळ,
वाडी आगार, अमरावती रोड, नागपूर.

विषय : वाहनचालक श्री. नत्थूजी डाखोळे यांचे श्वासाचे यंत्र 'स्वखुशीने परत केले' ही नोंद रद्द करणेबाबत.

संदर्भ : प्रकरण बंद केल्याचे आपले पत्र, जे अर्जदाराच्या पतीस इस्पितळात मिळाले.

अर्जदार : सौ. शामला नत्थूजी डाखोळे, रा. वाडी. (अर्जदाराच्या सांगण्यावरून मुलगी सोनिका हिने लिहिले.)

महोदय,

१. अर्जदाराचे पती नत्थूजी हे आपल्या आगारात वाहनचालक होते. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीने कुणाच्या कुंपणालाही धक्का लावलेला नाही, हे आपल्याच कार्यालयाने त्यांना शाल घालून सांगितले होते. गेल्या काही वर्षांपासून ते झोपून उठले तरी थकलेलेच असत. झोपेत घोरता घोरता एकाएकी त्यांचा आवाज बंद पडे, छाती हलायची थांबे, आणि मग बुडता माणूस वर यावा तसे ते दचकून श्वास घेत. अर्जदार त्यांना कोपराने ढोसून जागे करी. एके दिवशी कळमेश्वरहून माल घेऊन येताना त्यांनी स्वतःच गाडी रस्त्याच्या कडेला लावली, किल्ली काढली आणि घरी फोन केला, "शामला, मले डोळे उघडे ठेवता येऊन नाही राहिले वं. आता गाडी चालवली तं कोणाले तरी मारीन मी."

कुणीही पकडले नव्हते. त्यांनी आपणहून सांगितले. पुढील सर्व काही त्यातून घडले, म्हणून हे आधी नमूद केले आहे.

२. धरमपेठेतील डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याचा आजार, असल्याचे लिहून दिले. नळीवाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र घरी लावावे, नीट झोप लागली की गाडी चालवण्यास हरकत नाही, असेही लिहिले. त्यावर आपल्या कार्यालयाने त्यांना तूर्त गाडीवरून उतरवले आणि यंत्राच्या खर्चाच्या मंजुरीसाठी वैद्यकीय साहाय्य समितीने तीन यंत्रांचा तुलनात्मक तक्ता मागितला.

३. अर्जदार, नत्थूजी व सोनिका असे तिघे रुपराव या विक्रेत्याच्या दुकानात गेले. रुपरावांनी तीन यंत्रे मांडली. पहिले एकाच ठरलेल्या दाबाने हवा देणारे. दुसरे श्वास पाहून दाब आपोआप कमीजास्त करणारे. तिसरे श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणारे. ते नत्थूजींना लागत नाही असे डॉक्टरांनीच सांगितले होते. पहिले लावल्यावर नत्थूजी म्हणाले, "हे तं चालत्या ट्रकच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटते गा." दुसरे लावल्यावर दुकानातल्या खाटेवर पडल्यापडल्या त्यांचा डोळा लागला. नळीच्या टोकाला चेहऱ्यावर बांधायच्या मुखवट्यांतही नाकापुरता निवडता येईना, कारण झोपेत त्यांचे तोंड उघडते. नाकतोंड झाकणारा घ्यावा तर मिशीच्या फटीतून हवा निसटे. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात नाक कोरडे पडून रक्त येते, म्हणून पाण्याची टाकी असलेलेच घ्यावे असे सोनिकाने सुचवले. असा सर्व विचार करून दुसरे यंत्र निवडले. रुपरावांनी ते काही दिवस वापरून पाहण्यास दिले.

४. दुसऱ्या सकाळी अर्जदार उठली तेव्हा नत्थूजी तिच्या आधी उठून आरशासमोर बसले होते. मुखवटा नीट बसावा म्हणून त्यांनी लग्नाआधीपासूनची मिशी काढून टाकली होती. ते म्हणाले, "हासू नको. मी झोपलो वं शामला. खरंच झोपलो." अर्जदार हसली नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. हे समितीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, तरी लिहून ठेवावे असा तिचा आग्रह आहे.

५. समितीने तक्ता परत पाठवला. शेरा असा की, तीनही यंत्रे निरनिराळ्या प्रकारची असल्याने तुलना होऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारचीच, तीन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे पाहून, आवाज, वजन, टाकी, वीज गेल्यावर पुन्हा चालू होणे, हे सर्व मांडून नवा तक्ता दिला. तोही परत आला. शेरा : तीनही यंत्रे एकाच प्रकारची असल्याने निवडीचे कारण स्पष्ट होत नाही.

अर्जदार स्वतः कार्यालयात आली. टेबलामागचे साहेब म्हणाले, "बाई, घोरतात तर सगळेच. कुशीवर झोपवत जा." अर्जदाराने विचारले, "साहेब, मंग यायले गाडीवरून काहून उतरवलं?" त्यावर साहेब म्हणाले, "आजारी माणसाच्या हाती गाडी कशी देणार?"

६. येथे आपले विशेष लक्ष वेधणे आहे. समितीने यंत्रातल्या कार्डावर रोज रात्री आपोआप होणाऱ्या श्वासाच्या नोंदी मागवल्या. यंत्र लावून झोपल्यावर श्वास जवळपास अडकत नाही, असे त्यात दिसले. त्यावरून समितीने ठरवले की नत्थूजींना सदर आजार नाही, सबब यंत्राची गरज नाही. त्याच आठवड्यात त्याच कार्यालयाने, सदर आजार असल्याकारणाने, त्यांना गाडीवरून कायमचे काढून फाटकावर पहारेकरी म्हणून नेमले. दोन्ही कागदांवर सही एकच आहे. यंत्रासाठी ते धडधाकट आणि गाडीसाठी रोगी. आणि ज्याला बसल्या जागी झोप येते, त्याला जागे राहण्याच्या कामावर बसवले.

७. मंजुरी नाही म्हटल्यावर रुपराव यंत्र घ्यायला घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "बाई, माझ्यावरही कंपनीचा दबाव हाय. मी तरी किती दिवस थांबू?" नत्थूजींनी स्वतः टाकीतले पाणी ओतले, नळी पुसली आणि यंत्र पिशवीत भरून दिले. यंत्र परत दिल्याच्या कागदावर विक्रेत्याने सही मागितली म्हणून अर्जदाराने केली; तो कागद पुढे आपल्या कार्यालयात गेला. हीच ती सही, जिच्या आधारे आपल्या पत्रात 'स्वखुशीने परत केले' असे लिहिले आहे.

८. त्यानंतर नत्थूजी पुन्हा पहिल्यासारखे झाले. फाटकावर उभे राहूनच पहारा करीत, कारण बसले की डोळा लागे. मे महिन्यात भर दुपारी पाय भरून आले म्हणून ते गोदामाच्या सावलीत खुर्ची घेऊन बसले. गोदामाकडे मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न साऱ्या आगाराने ऐकला. त्यांनी ऐकला नाही. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा ट्रकच्या चालकाची चौकशी केली. "त्या पोराची नोकरी गेली नाही ना? त्याची चूक नाही. मीच झोपलो होतो." हे वाक्य कुणीतरी लगेच लिहून घेतले आणि कामावर झोपल्याची नोटीस काढली. ती त्यांना पलंगावरच मिळाली. सोबत संदर्भातील पत्र होते : कर्मचारी आता वाहन चालवण्यास अपात्र असल्याने यंत्राचा प्रश्नच उरत नाही, यंत्र स्वखुशीने परत केलेले असून प्रकरण बंद करण्यात येत आहे.

९. सध्याची स्थिती अशी. अर्जदाराच्या ओळखीच्या कळमेश्वरच्या मयुराबाई, ज्यांचे वडील याच आजाराचे होते व मागे वारले, त्यांनी वडिलांचे यंत्र आणून दिले. ते पहिल्या प्रकारचे, एकाच दाबाचे आहे. जे दुकानात नको म्हटले होते तेच. डॉक्टरांनी दाब बदलून दिला, मुखवटा नवा घेतला. अर्जदाराने विचारले की मेलेल्या माणसाच्या यंत्राने झोपायला काही वाटत नाही ना. नत्थूजी म्हणाले, "त्यायचा श्वास थोडीच उरला हाय त्याच्यात? हवाच तं हाय."

१०. तरी अर्जदार आता यंत्र मागत नाही. कोणताही तक्ता ती यापुढे भरून देणार नाही. तिची मागणी एवढीच की 'स्वखुशीने' हा शब्द आपल्या कागदातून खोडावा, आणि खोडल्याचे लेखी कळवावे. त्या दिवशी त्या घरात कुणीही खुशीत नव्हते. तसेच कामावर झोपल्याची नोटीस मागे घ्यावी, किंवा तिच्याखाली त्यांना तिथे कुणी बसवले तेही लिहावे.

समितीपैकी कुणास खातरजमा करावयाची असल्यास दुपारी घरी यावे. दारावर थाप मात्र हळू मारावी. त्या वेळी ते झोपलेले असतात.

कळावे, उत्तराची वाट पाहणारी,

शामला नत्थूजी डाखोळे
(सही)

वाडी, नागपूर
दि. २६ जून

सोबत : समितीचे दोन्ही शेरे, एकाच सहीचे दोन आदेश, डॉक्टरांचे पत्र. विक्रेत्यास सही करून दिलेला कागद आपल्याकडेच आहे.