पाठीमागून आलेला वारा

मेलकावेरी, कुंभकोणम्
मंगळवार, १० ऑगस्ट १९३७

प्रिय अलमेलू,

आज दहावा दिवस. दूध नीट उतरलं असेल. अंगात कसर वाटली तर लपवू नकोस, लगेच निरोप पाठव. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. बाळ झाल्यावर रक्त थांबायची वाट पाहत मी तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हा तूच म्हणालीस की तुला वडिलांनी तमिळबरोबर आपली बालबोध लिपीही शिकवली आहे. तेवढ्या आधारावर लिहिते आहे.

मी फार दमले आहे. या आठवड्यात सात बाळंतपणं झाली. त्यात हा आडी महिन्याचा वारा. पहाटे सुरू होतो तो दिवे लागेपर्यंत थांबत नाही. केळी फाटून चिंध्या झाल्या आहेत, वाळत घातलेलं लुगडं शेजारच्या अंगणात सापडतं. सायकल हातात घेतली की गुडघे आधीच दुखायला लागतात. बारा वर्षांपूर्वी असं नव्हतं. आमच्या प्रसूतिगृहाच्या तेव्हाच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना त्यांची सायकल मला देऊन गेल्या. त्या वेळी मी एकतीस वर्षांची होते. नदीकाठच्या मोकळ्या जागेत मी पडत, उठत शिकले. लोक बघायला जमायचे. आपलं कासोट्याचं लुगडं सायकलला किती सोयीचं आहे हे मात्र हसणाऱ्यांना कळलं नाही. पुढे त्यांच्याच घरी बाळंतपणं निघाली, मग हसणं थांबलं.

एक तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीने तुझे यजमान आले. प्रसूतिगृहाच्या पायरीशी उभे होते. ‘तुझे यजमान’ लिहिताना हात अडखळतो, कारण तुझे होण्याआधी अकरा वर्षं ते माझे यजमान होते. तुला हे ठाऊक आहेच. पण आपल्या दोघींत ते कधी उच्चारलं गेलं नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. मला मूल झालं नाही. सासूबाईंनी तुला सून म्हणून पसंत केलं आणि मी माझी पेटी घेऊन माहेरी तुकोजीदादाकडे मेलकावेरीला आले. कुणी मला हाकललं नाही, थांब असंही कुणी म्हणालं नाही. नंतर मी सुइणीचं शिक्षण घेतलं. इतरांची मुलं हातात घेताना पहिली दोन वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे बघणं टाळायचे. मग कामच इतकं वाढलं की तेही विसरले.

तुझी पहिली दोन्ही मुलं पोटातून आली ती गेलेलीच आली, हे मला कळलं होतं. तेव्हा मला काय वाटलं ते विचारू नकोस.

यजमान म्हणाले, “तिला कालपासून कळा येताहेत. मूल आडवं आहे म्हणतात. तू चल.” मोठ्या डॉक्टरीणबाई साक्कोट्टै गावाला गेल्या होत्या. ते म्हणाले, घोडा जोडून जटका आणतो. त्यांच्या शेजारी पाच मैल बसायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, “तुम्ही इथेच थांबा. बाई आल्या की त्यांना मोटारीतून घेऊन या. मी सायकलवर पुढे होते.”

तुमच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावाचा रस्ता सरळ पश्चिमेकडे जातो आणि वारा पश्चिमेचाच. दारासुरमपर्यंत झाडांचा आडोसा होता. पुढे दोन्हीकडे उघडी शेतं, त्यात नुकतंच सोडलेलं पाणी. वारा त्या पाण्यावरून येऊन छातीवर आदळत होता. मी उभी राहून पायडल मारत होते तरी सायकल हलत नव्हती. बाळंतपणाच्या सामानाची पेटी मागे बांधलेली, तिचं ओझं एका बाजूला ओढत होतं. डोळ्यांत धूळ, कानात नुसता घोंगाट. कालव्याच्या पुलावर एक झोत असा आला की मी सायकलसकट कठड्यावर जाऊन आपटले. गुडघा फुटला. हँडल वाकडं झालं.

ते सरळ करायला मी सायकल फिरवली. तिचं तोंड कुंभकोणमकडे झालं आणि वारा माझ्या पाठीला लागला. मी बसले. खरं सांगते, फक्त बघायला बसले, हँडल नीट झालं का. पण सायकल आपोआप चालायला लागली. पाय न हलवता ती पळत होती. सगळा घोंगाट एकदम थांबला, कारण मी वाऱ्याबरोबरच चालले होते. मी मनात म्हटलं, पडले, लागलं, माझ्याच्याने झालं नाही. डॉक्टरीणबाई मोटारीने जातीलच. कुणी मला बोल लावणार नाही. आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. त्या घराने मला मुलाविना बाहेर काढलं, त्या घराला मी मूल का काढून द्यावं? वाऱ्याने पाडलं हे निमित्त होतं, अलमेलू. परत फिरवलं ते या विचाराने.

असा मैलभर रस्ता गेला. समोरून भाताच्या रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन एक बाई येत होती. तिचे दोन मुलगे माझ्या हातावर झालेले. मला पाहून थांबली आणि वाऱ्यात ओरडून विचारलं, “कुणाच्या घरून येताय अम्मा? आई-मूल दोघं सुखरूप आहेत ना?” मी बाळंतपण आटोपूनच परतत असणार, हे ती धरूनच चालली होती. मी उतरले आणि सायकल फिरवली. चालवायची ताकद उरली नव्हती, म्हणून ती ढकलत, धावत, मध्ये मध्ये चढून, कशीबशी तुझ्या दारात पोहोचले. या उलट जाण्यात आणि पुन्हा येण्यात पाऊण तास वाया गेला होता.

पुढचं तुला अर्धवट आठवत असेल. बाळ आडवं नव्हतं, पायाळू होतं; एक पाय बाहेर होता आणि कळा मंदावल्या होत्या. सासूबाईंनी मला पाहिलं आणि गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवलं. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, “अक्का, हेही गेलं तर मला कुठं पाठवतील?” मी म्हटलं, “माझ्याकडे ये. सायकल शिकवते.” तू हसलीस. त्या अवस्थेतही हसलीस, आणि मला वाटलं, आता हिला काही होऊ द्यायचं नाही. अंग आलं, हात वर अडकले, डोकं येईना. वेळ उरला नव्हता. मी ओढलं, नेहमीपेक्षा जोर लावून ओढलं. पोर काळीनिळी, गप्प. किती वेळाने रडली ते मला मोजता आलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ती तुझ्या छातीशी होती आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

काल तुमच्याकडचा एकोजी तुझा निरोप घेऊन आला. गुरुवारी बारसं आहे, मुलीचं नाव सीतालक्ष्मी ठेवायचं तुझ्या मनात आहे आणि सासूबाईंनीही मान डोलावली आहे. तो निरोप ऐकून मी हे पत्र लिहायला बसले. मुलीचा डावा हात उचलत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुला कुणी सांगितलं असेल की जन्मतःच तसा आहे. तसा नाही. ओढताना मानेजवळची शीर दुखावली. पाऊण तास आधी आले असते तर इतक्या घाईने ओढावं लागलं नसतं. कदाचित लागलंही असतं, सुइणीला ते कधीच पक्कं कळत नाही. पण तो पाऊण तास वाऱ्याने घेतला नाही, मी घेतला. नाव ठेवण्याआधी तुला हे कळायला हवं. मग तुला हवं ते ठेव. हा हात पुष्कळदा काही महिन्यांत सुधारतो, त्यासाठी तो रोज हलकेच हलवावा लागतो आणि ते दाखवायला कुणीतरी हवं. शुक्रवारी सकाळी मी येते. तुला मला आत घ्यायचं नसेल तर मुलीला ओसरीवर आणायला सांग. मी उंबरठ्याबाहेर बसून तिचा हात बघेन आणि परत जाईन. पुढच्या शुक्रवारीही येईन.

तुझीच, अक्का म्हणायचं की नाही ते तू ठरव,
सीतालक्ष्मी