यंत्राचा आवाज, संगीत कमी

१२ मे, मंगळवार

घरचा कूलर कालपासून कुरकुरतोय. घर्र… टिक… कुईं. आज उघडायला घेतला तर प्रज्ञा धावत आली. "बाबा, प्लीज यार, त्याला हात नका लावू. बिल्कुल नाही." लेक सव्वीस वर्षांची. इंजिनिअरिंगची चांगली नोकरी सोडून दोन वर्षं मागच्या खोलीत हेडफोन लावून 'म्युझिक' करते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. घरात शांतता नांदते, कूलर सोडून.

नोएडाला ऑफिसात भाटियासाहेबांनी बोलावलं. निर्माते तेच. 'अंतरिक्ष चौकी' सिनेमाचा तिसरा भाग शूट होऊन पडलाय, संगीतकार नाही. पहिल्या दोन भागांच्या माणसाचं डायरेक्टर सेठीबाईंशी फाटलं. आता भा.साहेबांचा मेहुणा, मेहुण्याचा गुरू, जिममधला ट्रेनर, सगळे संगीतकार. "मेश्रामजी, सरकारी तरीके से कर दो. कोई उँगली न उठाए."

मी निवृत्तीनंतर फायली लावायला ठेवलेला माणूस. चौतीस वर्षं दिल्लीला मंत्रालयात काढली. कुणी बोट दाखवू नये म्हणून काय करायचं ते मला कळतं, संगीत कळत नाही. तसं स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "वही तो चाहिए."

१४ मे, गुरुवार

नियमावली पूर्ण. अकरा पानं. नाव बंद लिफाफ्यात, धून वेगळी, तिच्यावर फक्त क्रमांक. क्रमांक रिसेप्शनची हेमा टाकणार, कळवायचे मेलचे पत्तेही तिच्याकडेच, लिफाफे माझ्या कपाटात. परीक्षक तीन: भा.साहेब, सेठी आणि मी ("आम जनता का कान"). प्रत्येकी शंभर गुण, शेरा, सही. हरणाऱ्यांचे लिफाफे उघडायचे नाहीत. माणसाची झाकली मूठ राहू द्यावी.

सेठी म्हणाली, "सर, फिल्म है, पुल का टेंडर नहीं." पूल पडल्यावर चौकशीला कोण बसतं ते तिला काय माहीत.

घरी कुंदाला वाचून दाखवली. तिची नोकरी अजून तीन वर्षं आहे, उपयोगी पडेल म्हटलं. चौथ्या पानावर तिला झोप लागली.

२५ मे, सोमवार

सहा धुना आल्या. दृश्य सगळ्यांना एकच: चौकीवरचा शेवटचा हवालदार, यान बिघडलंय, बाहेर काळंकुट्ट, कुणी यायची आशा नाही. दोन मिनिटं.

क्र. १ नुसत्या घंटा. क्र. २ ट्रम्पेट, पुन्हा ट्रम्पेट, वर ट्रम्पेट. मंगळावर वरात निघालीय. भा.साहेबांचा पाय ताल धरायला लागला. क्र. ३ ला मला जांभई आली.

क्र. ४. आधी काहीच नाही. मग घर्र… टिक… कुईं.

मी खुर्चीत ताठ. आमचा कूलर! मयूर विहार, तिसरा मजला, मागची खोली! यान बिघडलंय ते ह्याच आवाजात. आणि मग त्यावर हळूच एक बाई गुणगुणायला लागली, शब्द नाहीत. तीही ओळखीची. भाकऱ्या थापताना कुंदा करते तसं.

पडद्यावर हवालदार गप्प बसून होता आणि मला एकदम वाटलं, ह्या माणसाला कुणीतरी घरी न्या रे. डोळे भरून आले. मी चष्मा पुसायला घेतला. सेठीही पुसत होती, आणि तिला चष्मा नाही.

क्र. ५ आणि ६ वाजले असतील. ऐकल्याचं आठवत नाही. गुण उद्या देतो म्हणालो, तब्येतीचं निमित्त करून.

२६ मे, मंगळवार

नियमावली पुन्हा वाचली. लिफाफ्याचा रंग आहे, अक्षराचा आकार आहे, डावीकडे किती जागा सोडायची तेही आहे. परीक्षकाच्या नातलगाने अर्ज केला तर काय, ते नाही. अकरा पानांत कुठेच नाही! आमच्यातलं कोण येणार, म्हणून सुचलंच नाही.

सांगितलं तर क्र. ४ बाद. न सांगता भरघोस गुण दिले तर उद्या म्हणतील, मेश्रामने लेक बसवली. चौतीस वर्षांत ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणलं नाही मी.

गुण दिले. ३१. शेरा: 'यंत्राचा आवाज, संगीत कमी.' सही, तारीख.

सेठीचे ९४, भा.साहेबांचे ७२. माझे धरून १९७. ट्रम्पेट दोनशे. तीन गुणांनी गेलं.

मला क्र. ४ फार आवडलं होतं. इथे तरी लिहून ठेवतो.

२८ मे, गुरुवार

नकाराचे मेल गेले. मसुदा माझाच. संध्याकाळी चहाला बसलो असताना प्रज्ञाचा फोन वाजला. वाचलं, फोन उलटा ठेवला. मग, "बाबा, तुमच्या ऑफिसात 'तथापि' कोण लिहितं?"

"सगळेच लिहितात."

"अच्छा."

कुंदा माझ्याकडे बघत होती. मी चहाकडे.

३० मे, शनिवार

कूलर दुपारभर माझ्यावर कुरकुरतो. घर्र म्हणजे मे, टिक म्हणजे श्राम, कुईं म्हणजे एकतीस. डोकं उठलं. निकाल लागला, आता त्या आवाजाचं कुणाला काय काम? मोटर काढली, पिशवीत घातली, मेट्रोने करोल बाग गाठलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे बलबीरजी बसतात, मोटरी भरून देतात. नवीन घेतली, जुनी त्यांच्याकडेच टाकली. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने बसवून दिली.

गार वारा, आवाज शून्य. प्रज्ञा मैत्रिणीकडे गुरगावला गेलीय, सोमवारी येईल. गार खोली बघून बरं वाटेल पोरीला. तेवढंच माझ्या हातून.

१ जून, सोमवार

घोटाळा.

सेठीने ट्रम्पेट लावून अख्खा सीन बघितला आणि उठून गेली. "हवलदार अकेला है, उसकी शादी नहीं हो रही." भा.साहेबांनी दोन्ही धुना मिसेसना ऐकवल्या. मिसेस क्र. ४ ला रडल्या. झालं. क्र. ४ ला आणखी एक संधी: दहा मिनिटांचं संगीत, शुक्रवारपर्यंत, हाच आवाज पाहिजे, पण बदलत जाणारा. हेमाने माझ्यासमोर मेल टाकला.

घरी पोचलो तर प्रज्ञा दारातच नाचतेय. कुंदाला मिठ्या, मलाही एक. मग खोलीत गेली. कूलर लावल्याचं कळलं नाही, कारण ऐकूच येत नाही. बाहेर आली.

"बाबा. आवाज कुठंय?"

२ जून, मंगळवार

काल पुढचं लिहवलं नाही.

तिच्याकडे बाराच सेकंदांचं रेकॉर्डिंग, तेच फिरवून फिरवून वापरलेलं. आता सुरू होतानाचा, बंद होतानाचा, पाणी संपल्यावरचा, सगळे आवाज हवेत. मी म्हटलं करोल बाग. मग म्हटलं, आणखी एक गोष्ट आहे. सगळं सांगितलं.

"एकतीस?"

"हो."

"आवडलं नाही तुम्हाला?"

"फार आवडलं."

"मग?"

"म्हणूनच."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, "सांगून अर्ज केला असता तर तुम्ही पहिला माझाच फेकला असता." खरं आहे.

"मी ओशाळलोय गं."

"म्हणजे?" दिल्लीत वाढलेली मुलं.

"म्हणजे लाज वाटतेय, आणि तोंड कुठे लपवावं कळत नाही."

"मग तसं बोला ना." आणि दार लावून घेतलं.

कुंदा भांडी पुसत होती. "अहो, त्यात माझाही आवाज होता. मलाही एकतीसच का?"

३ जून, बुधवार

ऑफिसला दांडी. नोकरीतली पहिली. करोल बाग. बलबीरजींना विश्वासच बसेना.

"नई में दिक्कत है?"

"नहीं, बढ़िया है. पुरानी वाली वापस चाहिए."

"वो तो रोती थी."

"वही चाहिए."

मग आतून घेऊन आले, चकचकीत. "तेल डाल दिया, पुर्ज़ा बदल दिया. अब नहीं रोएगी. आपके लिए फ्री." मी त्यांच्या स्टुलावरच बसलो. पाणी दिलं त्यांनी. काढून टाकलेला पुर्जा मी खालच्या डब्यात हात घालून शोधला, तो बिचारे परत बसवून देत होते आणि मान हलवत होते. तेल मात्र निघेना. "चलाते रहो. सूखेगा तो रोएगी."

मेट्रोत भा.साहेबांना पत्र लिहिलं, प्रत सेठीला, फोनवर, एका बोटाने. क्र. ४ माझी मुलगी. ३१ गुण संगीताचे नव्हते, माझ्या भित्रेपणाचे होते. माझे गुण वगळावेत, मला परीक्षणातून काढावं, तिला काढू नये. तीनदा वाचलं. एक 'तथापि' खोडला. पाठवलं.

४ जून, गुरुवार

जुनी मोटर सकाळी आठपासून चालू. भा.साहेबांनी पत्र वाचलंय, दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. सेठीचं आलं, नुसतं "सर!!!" त्याचा अर्थ लागत नाही.

संगीत उद्या द्यायचं आहे.

खिडक्या बंद. पंखे बंद. कुकर लावायला मनाई, सकाळचीच पोळी खाल्ली. कुंदाने रजा टाकलीय, गुणगुणायला. पण म्हणते ठरवून येत नाही, पीठ द्या समोर. परात दिलीय.

३.१० – घर्र आलं.

३.४५ – टिक. प्रज्ञाने माझा दंड घट्ट धरला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

४.२० – कुईं नाही. मी विचारलं, भा.साहेबांचं उत्तर नाही आलं अजून, नाहीच म्हणाले तर? "शू. बसा ना बाबा. ऐका." हेडफोनचा एक कान स्वतःच्या कानाला, दुसरा माझ्या.

चौतीस वर्षांत कुणी मला असं काही करायला सांगितलं नव्हतं. हिने दोन वर्षांत एकदा तरी सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर.

५.०५ – कुंदाने पीठ मळायला घेतलं. ऐकतोय.