टाइमआऊटला दिसणारा मुलगा

बाबा,

नमस्कार. क्लबने परवा मला मोकळं केलं. कोच म्हणाले, "आता तरुण पोरं घ्यायचीत." मी बॅग आवरली आणि निघालो.

बास्केटबॉलमधली माझी सगळी कारकीर्द बाकावर गेली, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सामना चालू असला की तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा ठेवून गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायचात. टाइमआऊट झाला की लगबगीने आत यायचात, कारण मी तेव्हाच दिसायचो. खेळणारे पाच जण खाली बसायचे आणि आम्ही बाकीचे त्यांच्याभोवती उभे राहायचो. टॉवेल देण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात दोघं जायबंदी झाले, म्हणून कोचनी मला उतरवलं. टाइमआऊटला मी पहिल्यांदाच खाली बसलो आणि सगळ्यांच्या पाठींआड झाकला गेलो. सामना संपल्यावर तुमचा फोन आला.

"आज दिसला नाहीस. काढलं की काय?"

"बाबा, दिसलो नाही म्हणजे मी खेळत होतो."

तुम्ही म्हणालात, "असं होय. आता लक्षात ठेवतो."

शनिवारी नवा मोसम सुरू होतोय. हे पत्र काही मी टाकणार नाही. टाइमआऊट झाला की तुम्ही आत याल, चष्मा पुसून मला शोधाल. मी दिसणार नाही. मग शेजारच्या काकांना हाक मारून सांगाल, "आमचा खेळतोय."

तुमचा,
लंबू