शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रिय हबीब,

दोन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. बरोबरच केलंस. आपल्या पोरी, माझी रूपा अन् तुझी आमरीन, शेंद्र्याला एकाच कंपनीत आहेत, म्हणून आमरीनच्या हाती हे पत्र देतोय. फाडायचं असलं तर वाचून फाड.

तीस वर्षं आपली गायनपार्टी चालली. सिल्लोडपासून वाळूजपर्यंत एकही विहार सोडला नाही. रमजानात केसर स्टेजमागं तुझ्यासाठी खजूर ठेवायची, अन् तू रोजा सोडल्याबिगर मला पेटी उघडू द्यायची नाही. तू म्हणायचास, वहिनी, तुझ्या नवऱ्याचा सूर तसाही उपाशीच असतो. लई हसायची ती. अन् शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचं अन् ढोलकीवाल्याचं नाव गुंफायची आपली रीत. 'सांडू गातो, हबीब वाजवतो' आलं की पब्लिक टाळ्या पिटायचं.

त्या सव्वीस जानेवारीला वाळूजच्या आयोजकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, देशाचा कार्यक्रम आहे, वातावरण बरं नाही, ते नाव तेवढं घेऊ नका. मी भ्यालो रे. चार पोरं ओरडतील म्हणून भ्यालो. गाणं संविधानाचं, अन् त्यातनंच मी तुझं नाव काढून मात्रेत बसणारं भलतंच नाव, 'अभय', घातलं. तुझा हात चुकला नाही. तिहाई समेवर आणलीस, ढोलकीला खोळ घातलीस अन् निघालास. मी पेटीवरनं मान वर केली नाही. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं, लेका.

केसर भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून कोरसला बसली नाही. हबीबभाऊ आले की बसेन, एवढंच म्हणाली. मी दोनदा तुझ्या गल्लीपर्यंत आलो अन् कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन माघारी फिरलो. घरी सांगितलं, हबीब भेटला नाही. तिला खोटं कळत होतं.

मंगळवारी केसर गेली. दुखणं तीन महिन्यांचं, पण तुला कळवायला मला तोंड नव्हतं. शेवटी वाचा गेली तेव्हा मी उशाशी बसून तेच गाणं म्हटलं, तुझं नाव घेऊन. तिनं खाटेच्या पाटीवर बोटांनी ठेका धरला, तुझा ठेका. रविवारी दहा वाजता विहारात तिचं पुण्यानुमोदन आहे. ढोलकीला मी कुणालाच सांगितलेलं नाही. आलास तर तुझी जागा आहे. नाही आलास तर ती मोकळी ठेवून गाईन, पण तुझं नाव घेईन. ऐकायला ती नाही, एवढंच.

तुझाच,
सांडू