निम्मीच सांगितलेली मुलगी

तीर्थरूप बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

तब्येत बरी आहे. खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण उजेड येतो. जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

मावशीचं पत्र आलं. मी इथे नुसतं गणित शिकते, असं तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणे. तत्त्वज्ञानाचं नाव काढलं तर लोक हसतील ना!

इथे कुणी हसत नाही, पण घरातही घेत नाही. गणिताचे सर म्हणतात, तू निबंध लिहितेस. तत्त्वज्ञानाच्या बाई म्हणतात, तू नुसती चिन्हं मांडतेस. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

एक धडा मात्र दोघांनीही सारखाच शिकवला. एक खोटं विधान खरं मानलं, की त्यातून काहीही सिद्ध करता येतं. वर्गात बाकीच्यांना ते पटेना. मला लगेच पटलं. आपल्या घरात वाढले ना मी!

तर बाबा, तुमचंच विधान खरं धरते आणि त्यावरून सिद्ध करते, की मी इथे अगदी सुखात आहे. आईला तेवढंच वाचून दाखवा.

तुमची,
निम्मीच सांगितलेली मुलगी